1966 ची एमजीबी रोडस्टर: कागद, पत्रा आणि ओव्हरड्राइव्ह

17 फेब्रुवारी 2024
गाडी: एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश एमजी कंपनीची दोन आसनी उघडी स्पोर्ट्स गाडी), पहिली आवृत्ती, उजव्या हाताचे स्टिअरिंग, नंबरप्लेटच्या शेवटी 'डी' अक्षर. ब्रिटनमध्ये हे अक्षर 1966 सालच्या नोंदणीचे. रंग लाल, तारांची चाके, काळा टप, साधा चार गिअरचा बॉक्स. इंजिन सुरू होते, ब्रेक एका बाजूला ओढतात. सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ तुळया) बाहेरून गुळगुळीत दिसतात, पण चुंबक मागच्या टोकाला धरत नाही.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात जुळवली गेली. बॉडी मात्र प्रेस्ड स्टील या कंपनीकडून यायची. वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सारा भार घेतो. म्हणून या गाडीत गंज हा दिसण्याचा नव्हे, ताकदीचा प्रश्न असतो, आणि छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये तो सगळा दोन सिलवर येऊन पडतो.

पाना हातात घेण्याआधी गाडीचा इतिहास काढायचा असे ठरले. कारखान्यातून ती कशी निघाली आणि मध्ये कोणी काय बदलले हे कळल्याशिवाय सुधारणा कुठे करायची ते ठरत नाही.

24 फेब्रुवारी
आकडे उतरवून घेतले. बॉनेटखाली इनर विंगवरच्या पाटीवर गाडीचा नंबर 'जीएचएन3' ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे 1400 ते 1999 सीसी गटातले इंजिन, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, 3 म्हणजे मालिका. त्यापुढे 'एल' असता तर गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे बहुधा अमेरिकेतून परत आणलेली ठरली असती. तशा गाड्या ब्रिटनमध्ये बऱ्याच आहेत आणि नंतर उजव्या स्टिअरिंगच्या केलेल्याही आहेत. इथे एल नाही.

इंजिनची पाटी ब्लॉकच्या उजव्या बाजूला, रिव्हेटने बसवलेली. तिच्यावर '18जीबी-यू-एच'. 18जीबी म्हणजे पाच बेअरिंगचे 1798 सीसी इंजिन, ऑक्टोबर 1964 पासूनचे, म्हणजे काळ जुळतो. एच म्हणजे जास्त कॉम्प्रेशन. मधले 'यू' म्हणजे मजल्यावरचा गिअर. कारखान्यातूनच ओव्हरड्राइव्ह (बटण दाबल्यावर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जोडगिअर) असता तर तिथे 'आरयू' असते. पाटी काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावता येते, त्यामुळे एकट्या पाटीवर विश्वास नाही, पण धागा मिळाला.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या उजवीकडे एक भोक रबरी बुचाने बंद केलेले आहे. त्यामागे हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) दोन वायरी टेप गुंडाळून बांधल्या आहेत. या काळातल्या गाडीत ओव्हरड्राइव्हचे बटण बरोबर तिथेच असते.

9 मार्च
कागदांसाठी तीन दारे ठोठावली.

पहिले, गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधले उत्पादन-दफ्तर. ठरलेले शुल्क भरून गाडीच्या नंबरावरून हेरिटेज प्रमाणपत्र मिळते: बांधणीची तारीख, कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख, कुठल्या विक्रेत्याकडे, रंग, आतले कापड, इंजिन नंबर, बॉडी नंबर आणि कारखान्यात बसवलेल्या जास्तीच्या वस्तू. विक्रेत्याने नंतर लावलेल्या वस्तू त्यात नसतात, हे विसरून लोक उगाच वाद घालतात.

दुसरे, डीव्हीएलए, म्हणजे ब्रिटनचे वाहन-नोंदणी खाते. व्ही5सी हे आपल्याकडच्या आरसी बुकासारखे. जुनी माहिती हवी तर व्ही888 अर्ज करायचा आणि कारण नीट लिहायचे. 1970 च्या दशकात नोंदणी स्वान्सीच्या संगणकावर गेली, त्याआधीची दफ्तरे त्या-त्या कौंटीच्या कार्यालयात होती. काही अभिलेखागारात वाचली, पुष्कळशी नष्ट झाली. या गाडीचे नशीब असे की जुने खाकी लॉगबुक गाडीसोबतच आले. त्यात मालक बदलल्याचे शिक्के तर असतातच, रंग आणि इंजिन नंबर बदलल्याच्या नोंदीही असतात. जुनी गाडी घेताना हे पुस्तक आहे का, हा पहिला प्रश्न असावा.

तिसरे, एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन-तपासणीचा इतिहास. 2005 पासूनच्या चाचण्या नंबरप्लेट टाकून सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात: मैल, नापास होण्याची कारणे, सूचना. या गाडीच्या नोंदी अशा: 2009 मध्ये सिलच्या गंजाची सूचना, 2010 मध्ये डाव्या पुढच्या किंगपिनमध्ये (चाक ज्यावर वळते त्या उभ्या खिळीत) ढिलाई म्हणून नापास, आणि 2012 ते 2017 या काळात एकही चाचणी नाही. हे शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. पाच वर्षे चाचणी नाही म्हणजे बहुधा गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीत ब्रेकचे सिलिंडर, पेट्रोलची टाकी आणि रबर आधी जाते. ओडोमीटर पाच आकड्यांचा आहे, 99,999 नंतर शून्यावर येतो. कमी मैलांची गाडी असा दावा कोणी केला तर आधी हे आठवावे.

6 एप्रिल
प्रमाणपत्र आले. रंग फिकट प्रिमरोज, म्हणजे फिका पिवळा, आतून काळा, ब्रिटनमधल्याच विक्रेत्याकडे रवाना. जास्तीच्या वस्तू: ओव्हरड्राइव्ह, तारांची चाके, हीटर (तेव्हा हीटरसुद्धा जास्तीचे पैसे भरून घ्यावा लागे) आणि घडी होणारा टप. इंजिन '18जीबी-आरयू-एच', नंबर वेगळा.

लॉगबुकशी ताडून पाहिले. 1971 मध्ये रंग पिवळ्यावरून लाल. 1974 मध्ये इंजिन नंबर बदललेला, आणि नवा नंबर आत्ताच्या पाटीशी जुळतो. त्या काळी कंपनीची 'गोल्ड सील' नूतनीकृत इंजिने बदली म्हणून घेत, पण त्यांच्या नंबराची सुरुवात वेगळी असते. इथे साध्या गाडीचा नंबर आहे, म्हणजे दुसऱ्या गाडीतून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने उचलून बसवले. एमजीबीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनासकटच वर काढावा लागतो, त्यामुळे बदलणाऱ्याने आयती जोडी टाकली हे समजण्यासारखे आहे. ओव्हरड्राइव्ह तेव्हाच गेला.

20 एप्रिल
कागद पत्र्यावर तपासले. ग्लोव्हबॉक्सच्या मागे आणि पेट्रोलच्या टाकीच्या पट्ट्याखाली पिवळा रंग तसाच आहे. डिकीच्या बिजागरीजवळ रुपयाएवढी जागा 400 च्या, मग 800 च्या ओल्या कागदाने तिरकी घासली. कड्या स्पष्ट उमटल्या: करडा प्रायमर, पिवळा, लाल, पुन्हा प्रायमर, पुन्हा लाल. म्हणजे लाल रंग दोनदा दिलेला आहे.

बॉडी नंबरची पाटी प्रमाणपत्राशी जुळली. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजच्या नव्या बॉडी मिळतात आणि बऱ्याच एमजीबींचा सांगाडा तेव्हापासून बदललेला आहे, त्यामुळे हे पाहणे आवश्यक होते. सांगाडा मूळचाच. मागचा ॲक्सल गोल पोटाचा, बँजो प्रकारचा, तोही बरोबर: रोडस्टरला नळीचा ॲक्सल 1967 मध्ये आला.

रंगाबाबत निर्णय: लालच ठेवायचा. गाडी पाच वर्षे पिवळी होती आणि पन्नासाहून अधिक वर्षे लाल. प्रमाणपत्रातल्या एका ओळीसाठी चांगला रंग खरवडणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. झाकलेल्या जागांतला पिवळा मात्र पुसायचा नाही, तोच या गाडीचा पुरावा आहे. ओव्हरड्राइव्ह परत बसवायचा. बाकी सुधारणा उलटवता येतील अशाच.

11 मे ते 15 जून
सिल. पुढचे विंग बोल्टने बसवलेले असतात, ते काढले. मागचे वेल्ड केलेले, म्हणून त्यांच्या खालचा साधारण 8 सेंटिमीटरचा भाग कापून सिलचे टोक उघडे केले. आणि मग सगळे उघड झाले: जुन्या कुजलेल्या सिलवर नवे आवरण चढवून कडेला वेल्डचे टिपके, वर पुट्टी. वरून कीर्तन, आतून तमाशा. 2009 ची एमओटी सूचना पुढच्या वर्षी गायब कशी झाली, याचे उत्तर इथे मिळाले.

या सिलमध्ये तीन उभे पत्रे असतात: आतला, मधला पडदा आणि बाहेरचा. खाली 'कॅसल रेल' नावाची पन्हळी. चिखल पुढच्या चाकामागे साचतो, तिथून गंज मागे सरकतो. फक्त बाहेरचा पत्रा बदलला तर पैसा पाण्यात.

क्रम असा ठेवला. गाडीचा भार पुढच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागच्या स्प्रिंगच्या हँगरखाली घेतला, मधे टेकू नाही. दार बंद असताना चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. मग दार काढून, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत 25 मिलिमीटरची चौकोनी नळी दोन ठिकाणी जोडून चौकट आवळली. एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापले तर बॉडी मधे वाकते, आणि तशीच वेल्ड झाली की दार आयुष्यभर लागत नाही. हा दोष पुढे दुरुस्त होत नाही, सगळे पुन्हा कापावे लागते.

आधी कॅसल रेल, मग मधला पडदा, शेवटी बाहेरचा सिल. नवे भाग 1.2 मिलिमीटरचे. जोडांवर वेल्डमधून जाणारा झिंक प्रायमर, 6 मिलिमीटरची भोके दर 25 ते 30 मिलिमीटरवर पाडून प्लग वेल्ड, 0.6 ची तार. बाहेरचा सिल पक्कडींनी धरला, मग दार लावून फटी पाहिल्या, मगच वेल्ड. ही पायरी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच वगळली जाते. वेल्ड सलग ओढायचा नाही, एक इथे, पुढचा हातभर दूर, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटांसारखा होतो.

दोन्ही दारांच्या पत्र्यात तिकोनी काचेच्या मागच्या टोकाखाली बारीक तडा होता. एमजीबीचा हा नेहमीचा आजार, दाराच्या थरथरीने होतो. तड्याच्या टोकाला 2 मिलिमीटरचे भोक पाडले म्हणजे तडा पुढे जात नाही, मग मागून पट्टी.

रंग वाळल्यावर सिलच्या पोकळीत मेण. लांब लवचीक नळी शेवटपर्यंत घालून, मागे ओढत फवारायचे. खालची पाणी निघण्याची भोके नंतर तारेने मोकळी करायची, नाहीतर मेणच पाणी अडवते.

13 जुलै
पुढचे सस्पेन्शन. 2010 च्या चाचणीत डावा किंगपिन नापास झाला होता. चाक उचलून वर-खाली धरून हलवले, ढिलाई जाणवली. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली असती तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली, म्हणजे किंगपिनच. उजवा बरा होता, तरी दोन्ही एकदम केले, कारण स्टिअरिंगची परत येण्याची ओढ दोन्ही बाजूंना सारखी हवी.

खरे कारण वंगण. दर बाजूला तीन निपल असतात, 3,000 मैलांना ग्रीस द्यायचे, तेही चाक हवेत असताना. चाक जमिनीवर असताना भार असलेल्या बाजूला ग्रीस शिरतच नाही.

खालच्या विशबोनला (चाक धरणाऱ्या दुहेरी आर्मला) एमजीबी व्ही8 च्या, म्हणजे आठ सिलिंडरच्या गाडीच्या प्रकारचे बुश लावले. मूळचे लवकर झिजतात, पॉलियुरेथेनचे कडक पडतात आणि कधीकधी चिवचिवतात. व्ही8 चे एकसंध, मधे नळी असलेले रबर हा उत्तम मध्यमार्ग. एक खबरदारी: बोल्ट शेवटचे आवळणे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते.

लिव्हर आर्म डॅम्पर (धक्के शोषणारे) तेच ठेवले, फक्त तेल बदलले. नळीच्या डॅम्परचे किट मिळते, पण चांगल्या लिव्हर आर्मपेक्षा रस्त्यावर फार फरक पडत नाही असे आमचे मत.

17 ऑगस्ट
ब्रेक. पाच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे ठरलेले दृश्य: पुढच्या डाव्या कॅलिपरचा पिस्टन गंजाने अडकलेला, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. पिस्टन स्टेनलेसचे, मागचे व्हील सिलिंडर नवे, रबरी नळ्या नव्या, 3/16 इंची पाइप तांबे-निकेलचे. या आवृत्तीत एकच ब्रेक सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाके गेली. म्हणून इथे काटकसर नाही.

तारांच्या चाकांचे स्प्लाइन (हबवर चाक अडकवणारे दाते) तपासले. हँडब्रेक ओढून मागचे चाक पुढे-मागे हलवायचे. 'टक' असा आवाज आला तर हब आणि चाक दोन्ही झिजलेले. जुन्या हबवर नवे चाक लावणे म्हणजे नवे चाक बिघडवणे.

21 सप्टेंबर
इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर. तीन सिंक्रोचा (गिअर बदलताना वेग जुळवणारी यंत्रणा फक्त वरच्या तीन गिअरना असलेला), लेकॉक कंपनीच्या डी प्रकारच्या ओव्हरड्राइव्हचा बॉक्स मिळवला. दुसऱ्या आवृत्तीचा चार सिंक्रोचा बॉक्स यात सरळ बसत नाही, बोगदाच वेगळा आहे. बॉक्स घेताना त्याचा मागचा माउंट आणि प्रोपेलर शाफ्टही सोबत मागावा, ओव्हरड्राइव्हच्या आणि साध्या बॉक्सच्या शाफ्टची लांबी सारखी नसते.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकाचा पितळी बुश बदलले. बुश तेलात भिजवून बसवायचा.

ओव्हरड्राइव्हमध्ये सगळ्यात जास्त जळते ते सॉलेनॉइड (विजेने दांडा ओढणारे वेटोळे), आणि दोष बहुधा सॉलेनॉइडचा नसतोच. त्यात दोन वेटोळी असतात: ओढणारे 15 ते 20 अँपिअर घेते, धरून ठेवणारे जेमतेम एक-दोन. प्लंजर पूर्ण आत गेला की पहिले आपोआप तुटते. लिव्हर चुकीचा जुळवला तर प्लंजर काही मिलिमीटर बाहेर राहतो, मोठे वेटोळे चालूच राहते आणि काही मिनिटांत जळते. जुळवणी सोपी: सॉलेनॉइडला वीज देऊन, लिव्हरच्या भोकातून 3/16 इंची ड्रिलचा दांडा केसिंगच्या भोकात सरळ गेला पाहिजे. बॉक्स टेबलावर असतानाच हे करावे आणि ॲमीटर लावून करंट पडतो का ते पाहावे.

तेल: इंजिनचेच, 20डब्ल्यू-50, बॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह मिळून सुमारे 3 लिटर, कारण दोघांचे तेल एकच. दाब सहन करणारे ईपी गिअर ऑइल घालू नये, आतला शंकूचा क्लच घसरू लागतो.

आणखी एक इशारा: ओव्हरड्राइव्ह अडकून राहिला असेल तर गाडी रिव्हर्समध्ये अजिबात घालू नये. आतला एकमार्गी रोलर क्लच फुटतो. आधी तेलाची पातळी आणि लिव्हर पाहायचा, तोवर गाडी हाताने ढकलायची.

19 ऑक्टोबर
वीज. मूळची मांडणी: पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले), सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, लुकासचा सी40 डायनॅमो, कमाल 22 अँपिअर. हिशेब केला: हेडलाइट साडेसात-आठ, बाकी दिवे अडीच, इग्निशन चार, हीटरचा पंखा चार, वायपर तीन. पावसाळी रात्री बेरीज 22 च्या जवळ जाते, आणि सिग्नलवर थांबल्यावर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात गाडी चालवायची असेल तर अल्टरनेटर हवा. 34 अँपिअरचा 16एसीआर लावला आणि गाडी निगेटिव्ह अर्थ केली.

फक्त बॅटरीच्या तारा उलटवून भागत नाही. कॉइलच्या तारा अदलाबदल: आता वजा टोक डिस्ट्रिब्युटरकडे. आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, त्याच्या आतली पुरवठ्याची जोडणी आणि मागच्या पांढऱ्या वायरच्या वेढ्याची दिशा दोन्ही बदलावी लागतात, नाहीतर तो जळतो. पॉइंटचा एसयू पेट्रोल पंप दोन्हीकडे चालतो, पण आत डायोड असलेला किंवा इलेक्ट्रॉनिक असेल तर नाही. लेबल पाहावे. अल्टरनेटरकडून स्टार्टरच्या सॉलेनॉइडपर्यंत वेगळी जाड केबल टाकली, कारण 22 अँपिअरसाठी बनवलेल्या पन्नाशी उलटलेल्या वायरीतून 34 पाठवणे म्हणजे आगीला आमंत्रण. तपकिरी-पिवळी वायर इशारा दिव्यासाठी. जुना रेग्युलेटर जागेवर आहे, फक्त आतून रिकामा. डायनॅमो खोक्यात, लेबल लावून.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ): इंजिन बंद असताना 10 अंश, स्ट्रोबच्या दिव्याने 600 आरपीएमला 14. व्हॉल्व्हची फट थंड असताना 0.015 इंच.

2 नोव्हेंबर
पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ होतात आणि आतून सुटलेले काळे कण एसयू कार्ब्युरेटरच्या सुईच्या झडपेत अडकून पेट्रोल ओसंडते. सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या आर9 दर्जाच्या केल्या. टाकीच्या तळाला गंजाचा गाळ होता, टाकी नवी. हेडच्या एक्झॉस्ट सीट कडक केल्याची नोंद कुठेच नाही. मग हेड उचलायचा नाही, 1,000 मैलांनी एक्झॉस्टच्या फटी मोजायच्या. कमी होत असतील तर सीट खचते आहे, तेव्हा पाहू.

12 एप्रिल 2025
टप. प्रमाणपत्राप्रमाणे घडीचा सांगाडा होताच, फक्त कापड नवे. थंडीत व्हिनाइल आखडते, म्हणून 20 अंशांच्या वर तापमान असतानाच. मागची पट्टी आधी, मग बाजूची बटणे, पुढच्या दांड्यावर चिकटवणे सगळ्यात शेवटी. पुढून सुरुवात केली की मागे कापड कमी पडते.

3 मे
स्पीडोमीटर. गिअरबॉक्स बदलला की तो खोटे बोलू शकतो. डायलवर बारीक आकड्यांत मैलाला किती फेरे हे छापलेले असते. केबल डायलपासून सोडवून आतल्या तारेला पुठ्ठ्याचा बाण लावला, गाडी न्यूट्रलमध्ये 16.1 मीटर सरळ ढकलली, फेरे मोजून 100 ने गुणले. 16.1 मीटर म्हणजे मैलाचा शंभरावा भाग. आकडा डायलशी जुळत नाही, डायल साध्या बॉक्ससोबतचा आहे. दुरुस्तीला पाठवला.

मोटरवेवर चाचणी आरपीएम मीटरवरून. 3.909 च्या ॲक्सलला टॉपमध्ये मिनिटाला 1,000 फेऱ्यांना ताशी 17.9 मैल, म्हणजे ताशी 70 मैलांना साधारण 3,900. ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर 0.802, बटण दाबल्यावर सुई 3,150 च्या आसपास उतरून स्थिर. तेल पूर्ण तापल्यावरही पकड सुटत नाही. सोडताना किंचित उशीर होतो, 500 मैलांनी तेल बदलताना झडप आणि गाळणी साफ करायची.

बाकी काम: स्पीडोमीटर परत आल्यावर बसवणे, व्हॉल्व्हच्या फटींची पहिली नोंद, पुढच्या चाकांचे टो-इन (पुढून आत वळलेपण) 1/16 ते 3/32 इंचात आणणे.